दहा मीटर एअर रायफलचा दस्ता : काय करावे, काय टाळावे

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून फुटतो. तिथून पनवेल हाकेच्या अंतरावर. ऑलिंपियन सुमा शिरूर यांनी पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीच्या आवारात लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला, तेव्हापासून या पट्ट्यातल्या पालकांपुढे एक नवा खर्च येऊन उभा राहिला : पोराला किंवा पोरीला स्वतःची रायफल. बाप नळी बघतो, आई किंमत बघते, पोरगं रंग बघतं. दस्त्याकडे, म्हणजे क्लबात सगळे ज्याला स्टॉक म्हणतात त्या भागाकडे, कुणी फारसं बघत नाही. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ यांपैकी कुठल्याही नावाजलेल्या कंपनीच्या मॅच रायफलची नळी तुमच्या मुलाच्या नेमापेक्षा कितीतरी सरस असते. तिथे चूक होत नाही. चूक होते ती दस्त्यात.

घेण्याआधी

करावे : निदान एक हंगाम क्लबाच्या रायफलवर काढावा. नवख्याचं उभं राहणं पहिल्या काही महिन्यांत सतत बदलतं. पाय जवळ येतात, कंबर पुढे जाते, डावं कोपर कुठे टेकवायचं ते हळूहळू कळतं. हे बसायच्या आत घेतलेला दस्ता नेमबाजासाठी नसतो, त्याच्या पहिल्या महिन्यातल्या चुकांसाठी असतो.

करावे : माप जॅकेट घालून घ्यावे. नेमबाजीचं जॅकेट कॅनव्हासचं, जाड आणि ताठ असतं. टी-शर्टवर बरोबर वाटलेली दस्त्याची लांबी जॅकेट चढवल्यावर जास्त होते, आणि मग ट्रिगरवर बोटाचं पेर पोचत नाही, नुसतं टोक पोचतं. दुकानात जाताना जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह सगळं बरोबर न्यावं. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

टाळावे : वाढत्या अंगाचं पोर म्हणून मोठ्या माणसाचा दस्ता घेणे. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा शिवतात, तसं इथे चालत नाही. स्पर्धेत रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं आणि बऱ्याच मोठ्या रायफली साडेचार-पाच किलोंच्या घरात असतात. बारा वर्षांचं मूल हे वजन कमरेतून मागे वाकून पेलतं, तासभर. पाठ दुखायला लागते, मग मूल सराव टाळायला लागतं, आणि घरात चर्चा होते की त्याला 'इंटरेस्ट' राहिला नाही. ज्युनिअर मॉडेल चार किलोंच्या आसपास मिळतात. पुढे वजन वाढवायचं तर नळीवर किंवा दस्त्यात बसणारे छोटे वजनाचे तुकडे येतात. वजन घालता येतं, काढता येत नाही.

टाळावे : व्हिडिओ बघून दस्ता ठरवणे. त्या नेमबाजाची मान, हात आणि कंबर तुमच्या घरात नाही.

घडीचा दस्ता

हा प्रश्न हल्ली हमखास येतो, म्हणून त्याला वेगळी जागा. 'काका, बिजागरी असलेला, घडी होणारा मिळेल का? केस छोटी होईल, लोकलमध्ये सोपं.'

घडीचा दस्ता मुख्यतः सैन्याच्या सोयीचा. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी अमेरिकेने एम १ कार्बाइनचं घडीचं रूप काढलं. आपल्या इन्सासचंही घडीच्या दस्त्याचं रूप आहे. विमानातून उडी मारणाऱ्याला, चिलखती गाडीत दाटीवाटीने बसणाऱ्याला लांबी अडचणीची असते. हार्बर लाइनच्या प्रवाशालाही असते, कबूल. पण दहा मीटरच्या नेमबाजाचं काम उलट्या टोकाचं आहे. त्याला प्रत्येक गोळीला दस्ता खांद्याच्या त्याच बिंदूवर आणि गाल चीक पीसच्या, म्हणजे दस्त्यावरच्या गाल टेकायच्या भागाच्या, त्याच जागेवर हवा असतो.

बिजागरीला खेळ असतो. नवी असताना जाणवत नाही, झिजली की जाणवतो. साइट आणि नळी एकाच धातूच्या भागावर असल्याने बिजागरीमुळे नेम थेट वाकडा होत नाही, हे खरं. बिघडतो तो दाब. मॅच एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे बंदुकीच्या मानाने रमतगमत. ट्रिगर सुटल्यावर तो नळीत काही मिलिसेकंद असतो आणि तेवढ्या वेळात खांद्यातून-गालातून येणारा दाब रायफलला किंचित ढकलत असतो. तो ढकल दर वेळी सारखा असेल तर बिघडत नाही, कारण साइटवर क्लिक देऊन तो भरून काढता येतो. वेगवेगळा असेल तर काहीच करता येत नाही.

टाळावे : म्हणून, मॅच रायफलला बिजागरी लावणे. लोकलची अडचण असेल तर केस चांगली घ्यावी आणि गर्दीच्या वेळा सोडून निघावं.

टाळावे, आणि हे गंभीरपणे : परवान्याच्या बंदुकीचा दस्ता ओळखीच्या सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून बदलून घेणे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तिच्यात फेरफार करणं हे सगळं परवानाधारकाचं काम आहे. पळस्प्याच्या शेजारचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांच्या १८७९ च्या बंडाच्या आदल्याच वर्षी इंग्रजांनी आपला शस्त्र कायदा आणला होता. तेव्हापासून या देशात बंदुकीला हात लावायच्या आधी कागद बघावा लागतो. बदल हवाच असेल तर परवानाधारक दुकानातून, कागदोपत्री.

दहा मीटरची मॅच एअर रायफल या जाचातून बरीच सुटलेली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मि.मी. नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. मॅच रायफलची ताकद साधारण साडेसात-आठ ज्यूल, त्यामुळे ती आरामात आत बसते. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा, बिल जपून ठेवावं आणि प्रवासात त्याची प्रत केसमध्ये असू द्यावी.

नियमाची पट्टी

करावे : आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांतलं मापांचं पान प्रशिक्षकाबरोबर बसून एकदा वाचावे. बट प्लेटची, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाची, लांबी आणि वक्राची खोली, फोर-एंड, म्हणजे दस्त्याचा पुढचा भाग, नळीखाली किती उतरते, ग्रिप किती खाली जाते, सगळ्यालाच मर्यादा आहेत. स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर रायफल मोजली जाते. तिथे बट प्लेटचा वक्र २० मि.मी.पेक्षा खोल निघाला तर ती सरळ करून द्यावी लागते, आणि ऐन सकाळी बदललेल्या बट प्लेटवर साठ गोळ्या मारण्यासारखी शिक्षा नाही.

टाळावे : अंगठ्याचं भोक असलेला दस्ता. हौशी एअर गनला तो सर्रास असतो, दिसायला रुबाबदार, हातात छान बसणारा. दहा मीटरच्या स्पर्धेत चालत नाही. अंगठ्याला टेकू, तळहाताला टेकू, पाणसळ यांनाही बंदी. ग्रिपवर किंवा फोर-एंडवर पकड वाढवणारी टेप गुंडाळणं हाही त्यातलाच प्रकार. उन्हाळ्यात पनवेलला तळहाताला घाम येतो हे कारण टेबलावरचे पंच ऐकून घेत नाहीत. ग्लोव्ह आणि टॉवेल, बस.

आपल्याकडे एनआरएआयच्या, म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या, स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि (बारीक भोकातून बघायची) पीप साइट असे वेगळे गट असतात. मूल कुठल्या गटात उतरणार ते ठरवून मगच पैसे मोजावेत. ओपन साइटच्या एखाद्या वर्षासाठी आयात दस्त्याच्या मागे लागू नये.

बसवताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मि.मी.चा, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा. एका वर्तुळापासून पुढच्यापर्यंत अडीच मि.मी. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर मागच्या साइटच्या रांगेत ०.१ मि.मी.ची चूक झाली की दहा मीटरवर छर्रा सव्वा मि.मी. सरकतो. म्हणजे अर्धं वर्तुळ. कागदाच्या जाडीएवढ्या चुकीला. डोळा दर वेळी एकाच जागी आणणं हे चीक पीस आणि बट प्लेटचं काम, आणि दस्त्याचे पैसे आपण मोजतो ते यासाठी.

करावे : आधी रायफलशिवाय उभं राहावे. पाय, कंबर, डावं कोपर कमरेच्या हाडावर, मान ताठ, नजर समोर. मग कुणीतरी रायफल हातात द्यावी. दस्ता त्या उभ्या माणसाकडे यायला हवा. मान खाली वाकवून साइटमध्ये बघावं लागलं, की बट प्लेट चुकीच्या उंचीवर आहे किंवा साइटखाली रायझर हवा आहे. लांब मानेच्या मुलांच्या बाबतीत हे नेहमी होतं आणि नेहमी मुलालाच बोलणी बसतात, 'मान सरळ ठेव' म्हणून. मान सरळ ठेवली तर त्याला साइट दिसत नाही, हे कुणी विचारत नाही.

करावे : क्रम पाळावा. आधी दस्त्याची लांबी, मग बट प्लेटची उंची, मग फोर-एंड, मग ग्रिप, आणि चीक पीस शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, कारण चीक पीसचा स्क्रू हाताशी असतो. पण लांबी बदलली की डोकं पुढे-मागे जातं आणि आधी लावलेलं चीक पीस वाया जातं.

करावे : डोळे मिटून तपासावे. रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, मग उघडायचे. साइटच्या भोकात पुढची रिंग मधोमध दिसली तर चीक पीस जागेवर. वर-खाली, डावी-उजवी दिसली तर तेवढंच सरकवायचं. रायफल खाली ठेवून पुन्हा. परत पुन्हा. डोळे उघडे ठेवून ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण मूल नकळत मान हलवून दिसणं दुरुस्त करतं.

रेंजवर एखादा जाणता प्रशिक्षक हे काम करताना शांतपणे बघण्यासारखं असतं. मुलगी लेनवर उभी आहे, रायफल लक्ष्याकडे. प्रशिक्षक मागून ॲलन की घालतात, चीक पीसचा स्क्रू पाव फेरा सैल करतात, अंगठ्याने चीक पीस केसभर वर ढकलतात, पुन्हा आवळतात. 'आता?' 'सर, थोडं खाली.' पुन्हा पाव फेरा. मुलगी काहीच बोलत नाही, नुसता श्वास सोडते, तेव्हा प्रशिक्षक की खिशात टाकतात. मग चीक पीसच्या पट्टीवरचा आकडा वहीत.

करावे : ती वही ठेवावी. लांबी, बट प्लेटची उंची आणि तिरपेपणा, चीक पीस, ग्रिपचा कोन, साइटचे क्लिक. पट्टीवर आकडे नसतील तर पांढऱ्या पेंट मार्करची बारीक रेघ मारावी. प्रवासात काहीतरी सैल होतंच, आणि स्पर्धेच्या गावी वही नसेल तर आठवण हा एकच आधार राहतो.

टाळावे : एका दिवसात दोन गोष्टी बदलणे. गुण वाढले तर कशामुळे, घटले तर कशामुळे, कळत नाही. एक स्क्रू, मग चार-पाच सत्रं, मग पुढचा. वाढत्या वयात मात्र दर तीन-चार महिन्यांनी लांबी पुन्हा तपासावी. मूल इंचभर वाढलेलं असतं आणि दस्ता तिथेच असतो.

टाळावे : दुसऱ्याचे आकडे उचलणे. मैत्रिणीचे, दादाचे, पदकविजेत्याचे, कुणाचेही. अवनी लेखरा ही सुमा शिरूर यांचीच शिष्या. ती व्हीलचेअरवर बसून नेम धरते आणि टोकियो पॅरालिंपिकमध्ये तिने सुवर्ण जिंकलं. बसलेल्या शरीराचा तोल वेगळा, कोपराची जागा वेगळी. एकाच गुरूच्या हाताखालच्या दोघींचे दस्ते सारखे नसतात, तर दोन क्लबांमधल्या दोघांचे कसे असतील?

उलट बाजूने, सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. महिलांना तेव्हा चाळीस गोळ्या असत. चाळीस वेळा तोच गाल, तोच खांदा, तोच दाब. नव्या दस्त्याबद्दल बोलताना पालकांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. तिथे पोचवतो तो सराव. दस्त्याने फक्त आडवं येऊ नये.

टाळावे : गरज नसलेल्या जुळवण्या विकत घेणे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे गोळ्या मारायच्या असतात. तिथे मॅचच्या मध्येच बट प्लेट आणि चीक पीस हलवावं लागतं, म्हणून झटपट सरकणाऱ्या आणि पक्क्या आकड्यांच्या जुळवण्यांना मोल आहे. दहा मीटरला पोझिशन एकच, उभी. एकदा बसवून घट्ट आवळायचं. प्रत्येक जादा स्क्रू म्हणजे सैल होऊ शकणारी आणखी एक जागा.

लाकूड की ॲल्युमिनियम

यावर क्लबात भांडणं होतात. माझं मत थोडक्यात : वाढतं वय असेल तर ॲल्युमिनियम, कारण जुळवण्या जास्त आणि सुटे भाग बदलता येतात. वय थांबलं असेल आणि पोझिशन बसली असेल तर लॅमिनेट लाकडालाही हरकत नाही. काहींना त्याचा हात मऊ वाटतो आणि ते वाटणंही गुणांत उतरतं. अखंड लाकडाचा जुना दस्ता मात्र कोकणपट्टीत टाळावा. जून ते सप्टेंबर पनवेलची हवा ओली असते, लाकूड फुगतं, ॲक्शनच्या स्क्रूंचा ताण बदलतो, आणि ऑक्टोबरात सुकल्यावर पुन्हा बदलतो. हे स्क्रू अंदाजाने आवळू नयेत. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला, टॉर्क रेंचने.

रंगाबद्दल : लाल घ्या, निळा घ्या. तो निर्णय मुलालाच करू द्यावा.

जुनी रायफल घेताना

नव्या आयात मॅच रायफलची किंमत लाखांत असते, त्यामुळे जुनी घेणं शहाणपणाचंच. फक्त हे बघावे. सगळे स्क्रू सोडून परत आवळून बघावेत. फिरकी खाल्लेला एक स्क्रू पुढे महिनाभर डोकं खातो. बट प्लेट हाताने हलवावी. ती 'टक' करून हलली तर भाव पाडावा किंवा परत द्यावी. ग्रिप कानशीने घासलेली असेल तर ती आधीच्या मालकाच्या हाताची आहे, नवी ग्रिप किमतीत धरावी. ग्रिप थोडी भरायची असेल तर एम-सीलने भरून पॉलिश पेपर मारतात, चांगलं बसतं, मात्र नियमाच्या मापात. डावखुऱ्यासाठी चीक पीस फिरवता येतं का आणि डावी ग्रिप मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आणि दस्त्याशी संबंध नसला तरी सांगतो : एअर सिलिंडरवरची तारीख वाचावी. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि त्यात २०० बारपर्यंत दाब असतो, म्हणून घरीही वापरू नये. विक्रेता 'चालतोय की' म्हणाला तरी.

पाऊस, प्रवास, घर

करावे : सरावानंतर दस्ता कोरड्या फडक्याने पुसावा. चीक पीस आणि ग्रिप आधी, घाम तिथेच मुरतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण त्यातले पोलादी स्क्रू गंजतात.

टाळावे : ओली रायफल फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवणे. फोम पाणी धरून ठेवतो. रेंजवरून भिजत आलात तर घरी केस उघडी टाकावी, रायफल बाहेर काढावी, मगच जेवायला बसावं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये असाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात.

टाळावे : फाट्यावर वडा खायला उतरताना रायफल उन्हातल्या गाडीत सोडणे. भरलेला सिलिंडर तापतो, लाकूड तापतं, आणि केस बघून कुणाला मोह झाला तर ती गाडीच्या काचेमागे आहे एवढंच तिचं संरक्षण. रायफल केसमध्ये बंद, छर्रे वेगळे, सगळं आपल्याबरोबर. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाताना लोकलमध्येही हाच नियम. केस उघडून दाखवायची नाही, कुणी कितीही कौतुकाने विचारलं तरी.

करावे : घरी कुलपात ठेवावी, परवाना लागत नसला तरी. दहा मीटरवर कागद भेदणारा छर्रा डोळाही भेदतो.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलगा-मुलगी मोठी झाली की ज्युनिअर दस्ता लहान होतो. तो माळ्यावर टाकू नका, भंगारात तर नकोच. वहीतल्या मापांसकट क्लबात नेऊन द्या, विकायचा तर तिथेच विका. पुढच्या जूनमध्ये बारा वर्षांचं कुणीतरी त्याच मापाचं येतंच, आणि त्याच्या घरी नव्या रायफलचे पैसे नसतात.